चहा सोडणं सोपं होतं, आई

आईस,

वर आपल्या पत्रांतला नेहमीचा 'सलाम' लिहिलेला नाही, हे तुझ्या सगळ्यात आधी लक्षात येईल. माझ्या पत्रातली चूक तू मजकुराच्या आधी शोधायचीस. ही चूक नाही. मुद्दाम लिहिलेला नाही.

येत्या ईस्टरच्या आठ दिवस आधी तुला जाऊन वर्ष होईल. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, मी चर्चमध्ये मिसा करून घरी आले, कपाळावरची राख तशीच होती, आणि अमरावतीहून शोभाताईंचा फोन आला. त्या आणि परतवाड्याच्या वसतिगृहातल्या इतर जुन्या मुली मिळून स्मरणिका काढताहेत. तू तिथं इतकी वर्षं मेट्रन होतीस, म्हणून पहिलं पान तुझं. "तू मुलगी आहेस, तूच लिही. आईला पत्र लिहिल्यासारखं लिही. वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

मी दहा दिवस कागद घेऊन बसले. 'प्रेमळ' लिहिलं आणि खोडलं. 'शिस्तप्रिय' लिहिलं, ते ठेवावंसं वाटलं, मग तेही खोडलं. शेवटी आईला पत्र लिहायचंच आहे तर खरंच लिहावं म्हणून बसले आहे. हे स्मरणिकेत जाणार नाही.

उपवासकाळ लागला की तू चहा सोडायचीस. अख्ख्या परतवाड्याला ते माहीत असायचं, कारण तूच सांगायचीस. कोणी कप पुढे केला की तुझा हात आडवा. "माहा लेंट चालू आहे." दुपारपासून तुझं डोकं चढायचं, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात भाकरी उलटायचा लोखंडी सराटा तुझ्या हातात असायचा. ईस्टरची वाट आम्ही मुली येशूसाठी नाही, तुझ्या चहासाठी पाहायचो. तुला हे कधी कळलं का?

शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची प्रार्थना झाली की तू आम्हाला हॉलमध्ये मांडी घालून बसवायचीस. डोळे मिटा. आपापल्या मनात पाहा. कोणाशी खोटं बोललो का? कोणाचं नुकसान केलं का? ज्याचं केलं त्याची माफी मागितली का? हिंदू मुलींनाही बसावं लागायचं, आणि त्याच जास्त मनापासून बसायच्या. तू मात्र रांगांमधून फिरत राहायचीस. आमच्यात बसून तू स्वतः डोळे मिटलेले मला एकदाही आठवत नाहीत.

दुर्गा तुला आठवते. ती तुला आठवत होती, हे मला गेल्या वर्षी कळलं, त्यावर मी येतेच. अंजनगावकडच्या माळ्याची मुलगी. तिच्या गावात हायस्कूल नव्हतं म्हणून आपल्याकडे राहायची. तिचा बाप महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं यायचा, मांडीवर वांग्यांची पिशवी घेऊन, सगळ्या वसतिगृहासाठी. माझ्या वर्गात ती पहिली आणि मी दुसरी. तू मला त्यावरून बोलायचीस. मला तिचा राग कधीच आला नाही, माझी ती एकुलती एक मैत्रीण होती.

आम्ही नववीत होतो. दुर्गाला दोन दिवस ताप होता. तू म्हणालीस, "ढोंग आहे," आणि तिला स्वयंपाकाचे मोठे गंज घासायला बसवलंस. ती तिथंच हौदाजवळ चक्कर येऊन पडली. पडली म्हणून तू तिला सराट्यानं मारलंस. मी भांडी विसळत होते, चार हातांवर. मी विसळतच राहिले.

त्याच आठवड्यात नव्या सिस्टर आल्या होत्या, केरळच्या. त्यांनी हॉलमध्ये एक पेटी ठेवली. त्यांच्या मोडक्या मराठीत त्या म्हणाल्या, उपवासकाळात आपण स्वतःला तपासतो, तसं आपलं घरही तपासू. इथं काय चुकतं ते लिहा. नाव लिहू नका.

मी लिहिलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिलं. मेट्रनबाई मुलींना सराट्यानं मारतात. दुर्गाला ताप असताना तिला गंज घासायला लावले आणि ती पडली तर मारलं. एवढंच. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं धाडस होतं, आणि त्यानंतर मी फार काळ दुसरं केलं नाही.

सिस्टरना मराठी अक्षर नीट वाचता येत नव्हतं. म्हणून पेटी सगळ्यांसमोर उघडली आणि चिठ्ठ्या त्यांनी तुझ्याच हातात दिल्या, वाचा म्हणून. वरणात मीठ जास्त असतं. संडासाला कडी नाही. मग ती चिठ्ठी आली. तू पहिल्या ओळीवर थांबलीस. सिस्टर म्हणाल्या, "पुढे?" तू शेवटपर्यंत वाचलीस. तुझा आवाज जराही हलला नाही. घडी घातलीस आणि म्हणालीस, "दुर्गा, उभी राह्य."

ती उभी राहिली. "म्या नाही लिहिली," ती म्हणाली.

सिस्टरनी विचारलं, "पण लिहिलं ते खरं आहे?"

"हो," दुर्गा म्हणाली.

"पाहा सिस्टर, दोन तोंडाची पोट्टी आहे," तू म्हणालीस. "लिहिली नाही म्हनते, अन् खरं आहे म्हनते. अक्षर तिचंच आहे."

मग सिस्टरनी सगळ्या मुलींना विचारलं, कोणाकोणाला मार बसला आहे, हात वर करा. आई, तुझे डोळे तेव्हा रांगेवरून फिरत होते. रांगेतला एकही हात वर झाला नाही. माझाही नाही.

तिच्या बापाला निरोप गेला. का बोलावलंय ते निरोपात नव्हतं. त्याला वाटलं, पोरगी पहिली आली, काही बक्षीस असेल. तो धुतलेलं धोतर नेसून, वांग्यांची पिशवी घेऊन आला. ऑफिसात त्याला सांगितलं, तुमची मुलगी खोटारडी आहे, ज्यांनी सांभाळलं त्यांचीच बदनामी करते, घेऊन जा. त्यानं सिस्टरना हात जोडले, तुला हात जोडले, तिची पेटी खांद्यावर घेतली आणि निघाला. ती त्याच्या मागून चालत गेली. पिशवी तू ठेवून घेतलीस. त्या संध्याकाळी आपण सगळ्यांनी ती वांगी खाल्ली. तूही खाल्लीस. भाजी चांगली झाली होती.

तिची शाळा तिथं संपली. पुढच्या वर्षी लग्न झाल्याचं कळलं.

मी काहून बोलले नाही? मला वाटत होतं, तुला खरंच दुर्गाचा संशय आला. मला वाटत होतं, मी बोलले तर वसतिगृहातली आपली खोली जाईल, तुझी नोकरी जाईल, बाबा तर कधीच गेले होते. चौदा वर्षांची होते मी. हे सगळं खरं आहे. पण चौदा वर्षांची मी काही कायम राहिले नाही ना?

आणि आता तुझं सांगते. गेल्या वर्षी याच दिवसांत तू अकोल्याला माझ्याकडे अंथरुणावर होतीस. फादर दुपारी घरी आले, तुझं कन्फेशन झालं, त्यांनी तुला ख्रिस्तशरीर दिलं. ते गेल्यावर मी आत आले तर तुझा चेहरा कधी नव्हे इतका हलका होता. तू म्हणालीस, "दुर्गाचं सांगतलं फादरले."

मी विचारलं, "काय सांगतलं?"

"हेच, का चिठ्ठी तुही होती. अन् मले तवाच माईत होतं. डाव्या हातानं लिहिलं त काय झालं? तुहा 'घ' म्या वळखत नाही का? म्याच शिकवला."

मी दार लावून घेतलं. मी म्हणाले, "मंग दुर्गाचं नाव काहून घेतलं?"

"कोनाचं त घ्या लागत होतं. तिचा बाप भांडनारा नव्हता."

"अन् मारल्याचं? थे त खरं होतं."

"खरं होतं म्हनूनच त," तू म्हणालीस. तेवढ्यावर तू भिंतीकडे तोंड केलंस. मी विचारलं, दुर्गाले बोलावू का, मी घेऊन येते. तू म्हणालीस, "आता कशाले? देवानं माफ केलं. माह्यं झालं. मले उलीसा चहा दे."

मी चहा करून दिला. तू बशीत ओतून सगळा प्यायलीस. बारा दिवसांनी गेलीस, अगदी शांत. शेजारच्या बाया म्हणाल्या, असं मरण भाग्यवंताला येतं.

हे तुला कसं जमलं गं? चाळीस वर्षं मी तुझ्या शेजारी बसून मिसा केली, आणि तू पुढे कधीतरी ओळखशील या भीतीनं झोपेत दचकत होते. तुला सगळं ठाऊक होतं. माझी भीती तू रोज पाहत होतीस आणि तिचा उपयोग करत होतीस. माझं लग्न तू ठरवलंस, मी हो म्हटलं. नोकरी तू सांगितलीस ती घेतली. मला वाटायचं, मी मनात पाप असलेली मुलगी आहे, निदान आज्ञाधारक तरी असावं. आणि शेवटी तू देवाकडून परस्पर माफी घेऊन मोकळी झालीस. ज्या बाईचं नुकसान केलंस तिला न विचारता! तो हिशेब देवाचा असेल, मला तो समजत नाही.

वर्षभर मी हाच राग घेऊन फिरले. सकाळी भांडी घासताना तुझ्याशी भांडायचे. मनात तुला उभी करायचे, त्या हॉलमध्ये, सगळ्या मुलींसमोर, "उभी राह्य" म्हणून. बरं वाटायचं. फार बरं वाटायचं.

या वर्षी राख लावून घेताना मात्र मी स्वतःला विचारलं. तुझ्यावरचा राग मला इतका का आवडतो? कारण त्यात माझं नाव कुठं येत नाही.

ऐक मग. दुर्गा कुठं आहे हे मला नऊ वर्षांपासून माहीत होतं. मी अकोटच्या शाळेत शिकवायला जायचे, अकोल्याहून रोज एसटीनं. एका सकाळी स्टँडबाहेरच्या बाजारात ती दिसली, समोर पोत्यावर कोथिंबीर, आपला सांबार, आणि मेथीच्या जुड्या. सांबार निवडताना मान वाकडी करायची तिची सवय तशीच होती. मी त्या दिवसापासून मागच्या गल्लीनं, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीलगतनं जायला लागले. पाऊण किलोमीटर जास्त. पावसाळ्यात तिथं गुडघाभर चिखल असतो. रिटायर होईपर्यंत मी तो तुडवला आणि शाळेत सांगितलं, डॉक्टरनं चालायला सांगितलंय. तू चाळीस वर्षं खोटं बोललीस, मी आठ वर्षं चालले. फरक किती आहे, तूच सांग.

मी कन्फेशनला गेले. त्याच फादरना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिला सांगितलं का?" मी म्हटलं, नाही. मग मीच विचारलं, "आईला तुम्ही सांगितलं होतं का, दुर्गाकडे जा म्हणून?" ते म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. तुम्हाला मात्र सांगतो, जा." त्यांनी तुला सांगितलं होतं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. तुला माहीत आहे.

मी गेले. अकोटच्या बाजारात तिच्या पोत्यासमोर उकिडवी बसले. तिनं जुडी पुढे केली. मी म्हटलं, "दुर्गा, मी अग्नेस. मेट्रनबाईची."

तिनं बराच वेळ पाहिलं. "जाडी झाली," म्हणाली. मग हसली. ते हसू पाहून मला उठून पळावंसं वाटलं. मी सांगून टाकलं. चिठ्ठी माझी होती. आईला माहीत होतं. हात मी वर केला नाही.

एक गिऱ्हाईक आलं, तिनं त्याला मेथी दिली. पुन्हा माझ्याकडे वळली तेव्हा हसू नव्हतं.

"मले वाटे कोन्या लहान पोट्टीनं लिहिली असन," ती म्हणाली. "मार पाहून भेली असन. म्हनून म्या कधी नाव शोधलं नाही. लहान होती त काय करन, म्हनो मी." जुड्यांवर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "तू होती."

मी माफी मागितली. तिनं ऐकली की नाही कळलं नाही. "माहा बाप मेला," ती म्हणाली. "मरेपर्यंत त्यानं मले पुस्तकाले हात लावू देला नाही. म्हने, शिकली अन् ज्या ताटात जेवली त्याच ताटात थुकली. आता त्याले कोन सांगन?"

मी उठले नाही.

"माय जिती आहे," ती म्हणाली. "तिले सांगशीन?"

काल रविवारी आम्ही दोघी अंजनगावच्या गाडीनं गेलो. रस्ताभर ती खिडकीबाहेर पाहत होती. तिच्या भावाच्या अंगणात बाजेवर म्हातारी बसली होती, आणि आई, ती ठार बहिरी आहे. मी जवळ जाऊन हळू सांगायला लागले तर तिनं कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल व," दुर्गा म्हणाली. "तिले आयकू येत नाही."

मग मी ओरडून सांगितलं. आयुष्यभर जे कुजबुजलेही नव्हते ते भर दुपारी अंगणात ओरडून सांगितलं. चिठ्ठी मी लिहिली होती. दुर्गानं नाही लिहिली. म्हातारी म्हणाली, "कोन?" मी पुन्हा ओरडले, "मी!" शेजारच्या बाया कुडावरून डोकावल्या. त्यांच्यादेखत मी पुढचंही ओरडले. चिठ्ठीत लिहिलेलं खरं होतं. माझी आई तिला मारत होती. ताप होता तरी मारलं.

म्हातारी दुर्गाकडे वळली. "मारे थे बाई तुले?"

"हो माय."

"मंग तू तवा काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं माय," दुर्गा म्हणाली, आणि हेही तिला मोठ्यानंच म्हणावं लागलं. "बा म्हने, शिक्षन पाह्यजे त मार खा लागते. तू म्हने, बा सांगते थे आयक."

म्हातारीनं आपली बोटं नुसती हलवली, जणू काही निवडत होती. मग तिनं दुर्गाचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला आणि धरून बसली. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मला कोणी पाणी विचारलं नाही, आणि ते बरोबर होतं.

परतीच्या गाडीत दुर्गा एकदाच बोलली. "भाजी घ्या लागली त येत जाजो. पन बसू नको माह्यापाशी."

मी बरं म्हटलं.

तुझ्या कन्फेशननंतर तुझा चेहरा हलका झाला होता. माझा झालेला नाही. काल घरी आले तेव्हा पाय आणि घसा दुखत होता, एवढंच. पण आज सकाळी भांडी घासताना तुझ्याशी भांडायला तोंड उघडलं आणि शब्द सापडले नाहीत. राग आहे, अजून सगळा आहे, तू काही समजू नकोस. तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही हेही ठाऊक नाही. फक्त तुझ्या मागे लपायला आता जागा उरली नाही.

शोभाताईंना फोन करून सांगितलं की मी लिहीत नाही. त्यांनी विचारलं, "का गं, आठवत नाही का काही?" मी म्हटलं, "तुम्हाला आठवत नाही का? तुम्ही माझ्या मागच्या रांगेत होता." त्यावर त्या म्हणाल्या, "फोटो तरी पाठव." फोटो पाठवीन.

तुझ्या पहिल्या वर्षाच्या मिसेला मी जाणार आहे. तुझं नाव घेतील तेव्हा मान खाली घालीन. ते तुझ्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते आत्ता सांगत नाही.

एक वचन देते, आणि हे तुला आवडणार नाही. माझी रोशनी पुण्याहून ईस्टरला येते आहे. तिला वाटतं तिची आजी संत होती. मी तिला तसं वाटू दिलं, संताची मुलगी असण्यात माझीही सोय होती. ईस्टरच्या आधी मी तिला समोर बसवून सगळं सांगणार आहे. आधी माझं. मग तुझं.

तुझी मुलगी,
अग्नेस